आभाळातून मोजलेला खानदेश

धुळ्याहून दोंडाईचामार्गे नंदुरबारकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना अरुंद, लांबट टेकड्या दिसत राहतात. माथा धारदार, उतारावर सुटे काळे दगड, मधूनमधून बाभळी. एक टेकडी संपते, शेतं येतात, पुढे पुन्हा तशीच टेकडी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटतही नाही. आता हाच मुलूख सहा किलोमीटर उंचीवरून टिपलेल्या फोटोत पाहा. त्या सुट्या टेकड्या एका ओळीत येतात. ओळ शेतांमधून, नाल्यांमधून, गावांच्या शिवांमधून सरळ पुढे जाते. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी, दहावी. बहुतेक साऱ्या साधारण पूर्व-पश्चिम, जणू कुणी ठरवून आखलेल्या.

या आहेत पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या कातळाच्या उभ्या भिंती. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते, तेव्हा जमीन ताणली जाऊन तिला उभ्या भेगा पडल्या. त्या भेगांमध्ये लाव्हा शिरला, तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून खाली गेला, भेगांतला खडक मागे उरला. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या या डाइकांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरांत २१० डाइक. त्यांतला सर्वांत लांब ७९ किलोमीटरांचा, सर्वांत जाड ६२ मीटर रुंदीचा. ७९ किलोमीटरांची रेघ पायी चालणाऱ्याला एका नजरेत दिसणं शक्यच नाही. तिच्यावर पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसालाही आपण एका रेघेवर उभे आहोत हे कळत नाही.

आभाळातून पाहिलं की जमिनीचं एकसंध रूप दिसतं, हे झालं पहिलं नवल. खरं नवल त्याच्या पुढचं आहे. त्या फोटोंवरून माणूस जमीन मोजतो. नुसती लांबी-रुंदी नव्हे, उंचीसुद्धा. सपाट कागदावर टिपलेल्या सपाट चित्रातून टेकडी किती मीटर उंच आहे, नाला किती खोल आहे, धरणाचं पाणी कुठवर चढेल, हे काढता येतं. देशाचे नकाशे गेली कित्येक दशकं असेच तयार होत आले आहेत. ते कसं घडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

चौकटीत बसवलेला देश

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ची, मुख्यालय डेहराडूनला. हा विभाग जे तपशीलवार नकाशे काढतो त्यांना सर्रास टोपोशीट म्हणतात. रूढ क्रमवारीत साऱ्या देशावर अक्षांश-रेखांशांची चौकट टाकून प्रत्येक चौकोनाला क्रमांक दिलेला आहे. मोठा चौकोन ४ अंश बाय ४ अंशांचा. खानदेशाचा बराचसा भाग ४६ क्रमांकाच्या चौकोनात येतो. रावेर आणि मुक्ताईनगर ७६ रेखांशाच्या पूर्वेला असल्यामुळे ५५ मध्ये जातात. मोठ्या चौकोनाचे ए ते पी असे १६ भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा १६. धुळे शहर सापडतं ४६ एल/१३ वर, जळगाव ४६ ओ/१२ वर. २१ अंश उत्तर अक्षांशाची रेषा जळगाव शहरातूनच जाते, म्हणून शहराचा दक्षिणेकडचा भाग ४६ पी/९ या खालच्या शीटवर उतरतो. एकाच गावात राहणारी दोन कुटुंबं नकाशाच्या दोन वेगळ्या कागदांवर!

या नकाशांचं प्रमाण १:५०,०००. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आपल्या अक्षांशावर अशा एका शीटमध्ये सुमारे ७२० चौरस किलोमीटर मुलूख मावतो. त्यातली वस्ती, विहीर, पायवाट, ओढा, देऊळ, रेल्वेमार्ग, जंगलाची हद्द, सारं जागच्या जागी असायला हवं. शिवाय दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा. समान उंचीची ठिकाणं जोडणारी ही तपकिरी रेषा दिसायला साधी असते. पण तापीवर हतनूरला किंवा उकाईला धरण बांधायचं तर पाणी कोणत्या शिवारापर्यंत पोहोचेल, कोणतं गाव उठवावं लागेल, याचं उत्तर तीच देते. ती चुकली तर माणसांची घरं चुकीच्या बाजूला पडतात.

साखळी, दुर्बीण आणि खानदेशातला विरोध

विमान येण्याआधी हे सारं पायी चालून करावं लागे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. एक रेषा अत्यंत काटेकोर मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या डोंगराचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा, आणि त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. असे त्रिकोणामागून त्रिकोण रचत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत राहिला. काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्ध्याजवळ हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्रिकोणांच्या या सांगाड्यात मग सर्वेअर मंडळी तिपाईवरचा फलक खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडत आणि डोळ्यांनी दिसेल ते कागदावर उतरवत.

शेतजमिनीची मोजणी वेगळी. तिथे शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आजही शेताबद्दल बोलताना आपण हेच माप वापरतो. मुंबई इलाख्याची ही महसुली मोजणी १८५२च्या सुमारास खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागांतले शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. साखळी आली म्हणजे सारा वाढणार, ही त्यांची भीती. सरकारने लष्कर आणून तो विरोध मोडून काढला. १८८० साली छापल्या गेलेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे.

हा प्रसंग नकाशांच्या कहाणीत मला फार मोलाचा वाटतो. जमीन मोजणं ही कधीच नुसती भूमिती नसते. मोजणारा कोण, मोजतो कशासाठी, आणि ज्याची जमीन त्याला त्यात बोलायला जागा आहे की नाही, हे प्रश्न साखळीच्या पहिल्या कडीपासून तिच्याबरोबर चालत आलेले आहेत.

विमान उडतं तेव्हा

१८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने बलूनमधून पॅरिसजवळचा मुलूख टिपला. पहिल्या महायुद्धात शत्रूचे खंदक पाहण्यासाठी विमानातून लाखो फोटो घेतले गेले, आणि युद्ध संपल्यावर तेच कसब शांततेच्या कामाला आलं. १९२४ मध्ये, तेव्हा ब्रिटिश भारतात असलेल्या ब्रह्मदेशात, इरावतीच्या मुखाजवळची जंगलं विमानातून टिपून त्यांचे नकाशे करण्यात आले. दलदल, खाड्या, किर्र झाडी. पायी मोजायला वर्षानुवर्षं लागली असती असा तो मुलूख. स्वातंत्र्यानंतर देशाला नकाशांची निकड होती. धरणं, कालवे, रस्ते, खाणी, साऱ्यांची सुरुवात नकाशापासून. टोपोशीटसाठी हवाई छायाचित्रण हाच मुख्य मार्ग ठरला.

मोजणीसाठीचं विमान मन मानेल तसं उडत नाही. शेतकरी तास धरतो तसं ते एका सरळ पट्ट्यात जातं, वळतं आणि शेजारच्या समांतर पट्ट्यातून परत येतं. पोटाला भोक, त्यात सरळ खाली पाहणारा कॅमेरा. फिल्मच्या काळातल्या या कॅमेऱ्याची चौकट २३ सेंटिमीटर बाय २३ सेंटिमीटर. प्रत्येक फोटोच्या कडेला छोट्या चौकोनांत चार गोष्टी आपोआप छापल्या जात: घड्याळ, उंचीमापक, विमान किती कललं होतं ते दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा आणि फोटोचा क्रमांक. कडांवर बारीक खुणा असत. समोरासमोरच्या खुणा जोडल्या की फोटोचा नेमका मध्यबिंदू मिळे. जमीन टिपता टिपता कॅमेरा आपली स्वतःची साक्षही नोंदवून ठेवत असे.

थोडा हिशोब करू. भिंगाचं नाभीय अंतर १५२ मिलिमीटर आणि विमान जमिनीपासून ६,०८० मीटर उंच असेल तर फोटोचं प्रमाण येतं १:४०,०००. एका फोटोत ९.२ किलोमीटर लांब, ९.२ किलोमीटर रुंद जमीन. पण पुढचा फोटो ९.२ किलोमीटरांवर घेत नाहीत. तो ३.७ किलोमीटरांवरच घेतात, म्हणजे प्रत्येक फोटोचा ६० टक्के भाग पुढच्यात पुन्हा येतो. शेजारच्या दोन पट्ट्यांतही ३० टक्क्यांच्या आसपास जमीन सामाईक ठेवतात. या मापाने जळगाव जिल्ह्याचे ११,७६५ चौरस किलोमीटर टिपायला सुमारे ५०० फोटो लागतील. एकाच जमिनीचे इतके दुहेरी फोटो कशाला? फिल्म महाग, उड्डाण महाग, पावसाळ्यानंतरच्या निरभ्र दिवसांची संख्याही मोजकी. तरीही ही पुनरावृत्ती मुद्दाम करतात, कारण उंची मोजण्याचं सारं रहस्य तिच्यातच आहे.

दोन डोळे, पावणेचार किलोमीटरांवर

अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी उजवा डोळा मिटून पाहा, मग डावा. मागच्या भिंतीच्या मानाने अंगठा सरकलेला दिसेल. तो जवळ आणला की जास्त सरकतो, लांब नेला की कमी. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला हा फरक मेंदू क्षणाक्षणाला मोजतो, त्यातूनच आपल्याला खोली जाणवते.

विमानातल्या कॅमेऱ्याचंही तसंच. एक फोटो इथून, दुसरा ३.७ किलोमीटर पुढून. डोंगराचा माथा कॅमेऱ्याला जवळ, दरीचा तळ लांब. म्हणून दोन फोटोंत माथा जास्त सरकतो, तळ कमी. हे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून पाहिले, डावा डोळा डाव्या फोटोवर आणि उजवा उजव्यावर, की पहिला क्षणभर सगळं दुहेरी दिसतं. मग चित्रं एकमेकांत मिसळतात आणि कागदातून डोंगर उभा राहतो. सातपुड्याची सोंड टेबलावरून वर येते, तापीकाठच्या खोल घळी खाली जातात. आपल्या दोन डोळ्यांत जेमतेम साडेसहा सेंटिमीटरांचं अंतर असतं. इथे ते पावणेचार किलोमीटरांचं झालेलं असतं. म्हणून विमानाच्या खिडकीतून सपाट भासणारी जमीनही स्टिरिओस्कोपमध्ये ठसठशीत उंचसखल दिसते.

आणि हे सरकणं मोजता येतं. वरच्याच मापांनी हिशोब केला तर जमिनीवरच्या २० मीटर उंचीमुळे दोन फोटोंतल्या बिंदूच्या जागेत फक्त ०.३ मिलिमीटरांचा फरक पडतो. टोपोशीटवरच्या दोन समोच्च रेषांमधली सारी उंची, म्हणजे सहा-सात मजली इमारत, या ०.३ मिलिमीटरांत सामावलेली असते. ती पकडणारी उपकरणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचत. स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीची अशी प्लॉटर यंत्रं जगभरच्या नकाशा कचेऱ्यांत असत. दोन्ही भिंगांत एकेक बारीक ठिपका. दोन फोटो एकजीव झाले की दोन ठिपक्यांचाही एकच ठिपका होतो आणि तो त्या उभ्या राहिलेल्या डोंगरावर हवेत तरंगताना दिसतो. चाक फिरवून तो खाली आणायचा, जमिनीला अलगद टेकवायचा. आता उंचीचं चाक स्थिर ठेवून ठिपका जमिनीला चिकटून राहील असा डोंगराभोवती फिरवायचा. जमिनीत घुसला तर चुकलं, हवेत सुटला तरी चुकलं. यंत्राला जोडलेली पेन्सिल शेजारच्या कागदावर आपोआप रेघ काढत जाते. ती रेघ म्हणजेच समोच्च रेषा. ज्या कड्यावर पाय ठेवणं अवघड, त्या कड्याला खुर्चीत बसलेला माणूस नजरेने प्रदक्षिणा घालतो आणि त्या प्रदक्षिणेचा नकाशा होतो.

यामागचं गणित खानदेशाला परकं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला यादवकाळातला एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला आणि १२०७ मध्ये त्याला देणग्या मिळाल्या, असं तो शिलालेख सांगतो. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचं प्रकरण आहे. दिव्यापर्यंत न पोहोचता त्याची उंची आणि अंतर कसं काढायचं? एक काठी दोन वेगवेगळ्या जागी उभी करा, दोन्ही सावल्या मोजा, जागांमधलं अंतर मोजा. समरूप त्रिकोणांनी उत्तर मिळतं. एकाच वस्तूकडे दोन ठिकाणांहून पाहायचं आणि फरकातून उंची काढायची, हे तत्त्व सावलीच्या गणितात आहे तेच हवाई छायाचित्रांतही आहे. पाटण्याच्या डोंगरातल्या त्या मठात हे गणित आठशे वर्षांपूर्वी शिकवलं जात असेल, या विचाराने अंगावर रोमांच उभे राहतात.

फोटो म्हणजे नकाशा नव्हे

इतकं सारं असूनही विमानातला फोटो जसाच्या तसा नकाशा म्हणून वापरता येत नाही. फोटोच्या मध्यभागी कॅमेरा सरळ खाली पाहतो, कडेला तिरका. त्यामुळे उंच वस्तू मध्यापासून बाहेर झुकतात. वरच्याच फोटोत मध्यापासून ८ सेंटिमीटरांवर १०० मीटर उंचीची टेकडी असेल तर तिचा माथा खऱ्या जागेपासून ५० मीटरांहून जास्त सरकलेला दिसतो. लळिंगसारख्या डोंगरी किल्ल्याची माची आणि तट फोटोत जिथे दिसतात तिथे ते नसतात. उंची कळली की हा सरकलेपणा बिंदूगणिक दुरुस्त करता येतो. अशा दुरुस्त चित्राला ऑर्थोफोटो म्हणतात, आणि त्यावर मात्र पट्टी ठेवून अंतर मोजता येतं.

पण पट्टीला शून्य कुठे धरायचं? फोटोला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. त्यासाठी जमिनीवर काही बिंदू असे लागतात ज्यांचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधीच काटेकोर मोजलेली आहे. जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे दगड इथे उपयोगी पडले. लॅम्बटनच्या परंपरेतल्या माणसांनी डोंगरमाथ्यांवर रोवलेल्या खुणांना विमानातले फोटो नेऊन बांधले गेले.

आणि नावं? आभाळातून नदी दिसते, तिचं नाव दिसत नाही. वस्ती दिसते, ती गाव आहे की पाडा हे दिसत नाही. विहिरीला पाणी बारमाही असतं की होळीला आटतं हे दिसत नाही. म्हणून फोटोवरून आराखडा झाला की सर्वेअर तो घेऊन मुलखात जातो, एकेका खुणेपाशी उभा राहतो, माणसांना विचारतो. सातपुड्यातल्या पाड्यावर पावरी-भिली बोलणारी आजी ओढ्याचं नाव सांगते. खाली तापीकाठी अहिराणीत टेकाडाचं नाव कळतं. ही पडताळणी झाल्याशिवाय नकाशा छापायला जात नाही. कितीही उंच उडालं तरी शेवटचा शब्द जमिनीवरच्या माणसाचा, ही या शास्त्राची शिस्त आहे आणि तीच त्याची खानदानी.

आभाळाला काय काय दिसतं

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी शतकांपूर्वी उभी केलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखाली शेतांचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. बांधावर उभं राहिलं तर आपल्यासमोरचं शेत आणि वाहता पाट एवढंच दिसतं. वरून पाहिलं की बंधाऱ्यापासून शेवटच्या फडापर्यंतची सारी रचना एकदम उलगडते: पाट जमिनीच्या उतारालगत कसा नेला आहे, पाणी कुठेही न उचलता शेवटच्या वावरापर्यंत कसं पोहोचतं. समोच्च रेषांचा नकाशा हाती नसलेल्या माणसांनी जमिनीचा चढउतार इतका अचूक ओळखला होता, हे हवाई छायाचित्र आपल्याला दाखवून देतं.

डोळ्यांना न दिसणारंही कॅमेऱ्याला दिसतं. निरोगी हिरवं पान अवरक्त किरण जोरात परावर्तित करतं. रोगट पान कमी. १९७० मध्ये पिशारोथ रामा पिशारोटी या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागा टिपल्या गेल्या आणि मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडं ओळखता आली. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. तेच तत्त्व आज उपग्रह वापरतात. अशा चित्रात रावेर-यावलच्या केळीबागा हिरव्या नव्हे, लालभडक दिसतात आणि तापीचं पात्र काळंशार.

२००५ मध्ये भारताने सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक पुढे कललेला आणि एक किंचित मागे. ६१८ किलोमीटर उंचीवरून तो एकाच जमिनीकडे दोन कोनांतून पाही. अंगठ्याचा प्रयोग तोच. फक्त डोळे अंतराळात गेले.

मात्र ही दृष्टी बराच काळ सामान्य माणसाला बंद होती. हवाई छायाचित्रं संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय मिळत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुल्या नकाशांची वेगळी मालिका सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांसंबंधीचे नियम आणखी सैल झाले. आता खुल्या मालिकेतले टोपोशीट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात.

चुन्याची फक्की

आणि आता आभाळ अगदी गावाच्या माथ्यावर आलं आहे. शेताला सातबारा असतो, पण बहुतेक गावठाणांतल्या घरांची कधी नीट मोजणीच झालेली नव्हती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर कराची नोंद असे. घराची नेमकी हद्द कागदावर नसे. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने सर्वेक्षण विभागाबरोबर ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि हे काम देशभर निघालं.

ड्रोन येण्याआधी गल्लीत जे घडतं ते पाहण्यासारखं असतं. भूकरमापक येतो, सरपंच-ग्रामसेवक येतात, घरमालक ओट्यावर उभे राहतात. शेजारी-शेजारी मिळून हद्द दाखवतात आणि त्या रेषेवर चुन्याची फक्की मारली जाते. पांढरी रेघ ड्रोनला वरून स्पष्ट दिसते. खानदेशात याचं महत्त्व विशेष, कारण इथली जुनी घरं धाब्याची. मातीचं सपाट छत, दोन घरांत सामाईक भिंत, एका धाब्यावरून दुसऱ्यावर सहज चालत जाता येतं. आभाळातून ते एकच छत दिसतं. खाली दोन कुटुंबं, दोन चुली, दोन हक्क. कॅमेरा सेंटिमीटरांत मोजू शकेल, पण त्या छताखाली कुणाचं घर कुठे संपतं हे त्याला कुणीतरी आखून दाखवल्याशिवाय कळणार नाही. ड्रोनचे फोटो एकमेकांवर बसवून ऑर्थोफोटो होतो, त्यावरून नकाशा, मग चौकशी, हरकती, आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका.

१८५२ मध्ये खानदेशातल्या शेतकऱ्याने मोजणीला विरोध केला, कारण ती त्याच्यावर केली जात होती. आज त्याच मुलखातला माणूस हातात चुन्याचं घमेलं घेऊन मोजणीची पहिली रेघ स्वतः आखू शकतो. पावणेदोनशे वर्षांतली ही वाटचाल कॅमेऱ्याच्या प्रगतीइतकीच मोठी आहे, असं माझं ठाम मत आहे. नकाशाला आकार आभाळ देतं. नाव आणि हक्क जमिनीवरचा माणूस देतो. दोहोंपैकी एक नसेल तर तो नकाशा अपुरा.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. आपल्या गावाचं टोपोशीट उतरवून घ्या. मुलांना जवळ बसवून त्यावर आपलं गाव, ओढा, टेकडी शोधा. समोच्च रेषांवरून पावसाचं पाणी कुठून कुठे जात असेल ते त्यांना बोटाने दाखवायला सांगा. एखाद्या ओढ्याचं नाव चुकलेलं दिसलं तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारून खरं नाव लिहून ठेवा. आणि गावठाणाची मोजणी येईल त्या दिवशी घरी थांबा, शेजाऱ्याला सोबत घ्या, हद्दीची फक्की आपल्या डोळ्यांदेखत मारून घ्या, आणि मिळकत पत्रिका हाती आली की क्षेत्रफळ व चतुःसीमा ताडून पाहा. काही चुकलं असेल तर हरकत मुदतीत नोंदवा. मुदत टळली तर तीच चूक पुढे दुरुस्त करून घ्यायला फार जड जाते.